१४ डिसेंबर आणि आबांच्या शेंगा

डिसेंबर आला की आबांची लई आठवण येते. आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव साताऱ्याजवळ, घरटी एक माणूस मिलिटरीत, आणि आबा १९७१ च्या बांगलादेश युद्धात मराठा लाईट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. थंडीत अंगणात ऊन खात शेंगा फोडत बसले की तीन शेंगा ओळीनं मांडायचे, हे जमालपूर, हे टांगाईल, हे ढाका. जमालपूरची १० डिसेंबरची रात्र तासभर सांगायचे आणि ढाक्याच्या शेंगेवर बोट ठेवून गप्प व्हायचे. मग म्हणायचे, "आमाला वाटलं आता हितं गल्लीबोळातनं लढायचं. निम्मी पलटण तिथंच ऱ्हायली असती बग."

ती लढाई झालीच नाही. शाळेत आम्हाला १६ डिसेंबर आणि ९३ हजार कैदी एवढंच शिकवलं, पण त्याआधी दोन दिवस काय झालं ते मला नोकरीला लागल्यावर वाचताना कळलं.

१४ तारखेला आपल्या लोकांनी वायरलेसवरचा मेसेज पकडला की दुपारी बारा वाजता ढाक्यात पूर्व पाकिस्तानचा गव्हर्नर मलिकची मोठी मीटिंग आहे. गुवाहाटीला हवाई दलाच्या २८ स्क्वॉड्रनचे विंग कमांडर बिश्नोई, त्यांच्याकडे तयारीला मिनिटं मोजून, आणि हातात ढाक्याचा नकाशा कसला तर टुरिस्ट लोकांचा! मिग-२१ मध्ये बसून निघणार तेवढ्यात एकजण चिठ्ठी घेऊन पळत आला, टार्गेट सर्किट हाऊस नाही, गव्हर्नमेंट हाऊस. चार विमानं, १२८ रॉकेट्स, आणि दिवसाढवळ्या त्या गजबजलेल्या शहरात नेमकी तीच इमारत गाठली. आडवायला वर कोणी नव्हतं कारण ६ डिसेंबरपासून मिगनी सूर मारून ५०० किलोचे बॉम्ब टाकून ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी उखडली होती, पाकिस्तानची सेबर विमानं जमिनीवरच अडकली.

राजधानीवर हल्ला म्हटलं की मला टोकियो आठवतं, मार्च १९४५, एका रात्रीत लाखभर माणसं जळून गेली, त्याला मी पराक्रम म्हणूच शकत नाही. इथं मारा होता सरकारवर, वस्तीवर नाही, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो. त्याच दिवसांत ढाक्यात पाकिस्तानी फौज आणि तिचे साथीदार प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार यांना घरातून उचलून नेऊन मारत होते, १४ डिसेंबर बांगलादेशात आजही त्यांच्यासाठी पाळतात. म्हणजे तिथं एकेक दिवस लवकर संपणं किती गरजेचं होतं बघा.

मलिकनी तिथंच एका कागदाच्या चिटोऱ्यावर बॉलपेननं राजीनामा खरडला, बूट काढले, पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधून नमाज पढला आणि रेडक्रॉसच्या आसऱ्याला हॉटेलात गेला. दोन दिवसांनी शरणागती, आणि आमचे आबा एकही गोळी न झाडता ढाक्यात शिरले.

हे सगळं मी आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते सत्तरीपार होते. हातातली शेंग तशीच धरून ऐकत होते. संपल्यावर कितीतरी वेळ काही बोलले नाहीत, मग एकच विचारलं.

"चारीबी इमानं माघारी आली का रं?"

"आली आबा, सगळी आली."

"मग झ्याक," म्हणाले, आणि शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले.