साखरेचा हिशेब

आफ्रिकेतल्या शिरे नदीचं उथळ पाणी, त्यात हत्ती, आणि त्याच्यावर गोळ्या झाडणारी ‘मा रॉबर्ट’ बोट. चित्र १८५९चं. आज ज्या छापील पानावर ते पुन्हा समोर आलं तिथे खाली एवढंच: ‘लिव्हिंगस्टनची झांबेझी मोहीम’, म्हणजे संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनची झांबेझी नदीवरची. चित्र काढणाऱ्या थॉमस बेन्सचं नाव नाही. नेहमीचंच आहे, सोडून द्यावं. पण सुटत नाही.

खरं तर नावापेक्षा साखर जास्त सलते. १८५८ मध्ये मोहिमेत बेन्सला घेतलं ते चित्रकार आणि कोठीवाला म्हणून, दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात. चित्रकाराला सूचना अशा: प्रदेशाचं रूप हुबेहूब उतरवा, प्राणी, पक्षी, उपयोगी वनस्पती, जीवाश्म काढा, शिवाय निरनिराळ्या जमातींची ‘सर्वसाधारण’ माणसं, वंशशास्त्रासाठी. (हे शेवटचं कलम आज वाचवत नाही. असो.) कोठीवाल्याने पेट्या मोजायच्या. झांबेझीकाठच्या टेटे गावी हा तापाने फणफणलेला, भ्रमात बडबडणारा, आणि कोठीत साखर कमी! आळ त्याच्यावरच. वर आणखी, मोहिमेच्या कॅनव्हासवर पोर्तुगिजांची चित्रं काढून दिली म्हणे. कान भरले ते नेत्याच्या सख्ख्या भावाने, चार्ल्सने. १८५९ मध्येच बडतर्फी. रीतसर चौकशी करा म्हणत राहिला बिचारा. झाली नाही ती नाहीच.

साखर. तापात कोण मोजतं साखर?

कॅमेरा होता, तोही चार्ल्सकडेच. पण त्या काळची नेहमीची पद्धत म्हणजे काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओता, चांदीच्या द्रावणात बुडवा, काच ओली आहे तोवर फोटो घ्या, लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवा. उन्हात त्यातला ईथर भराभर उडतो, काच आधीच सुकते. पाणी गढूळ असलं की डाग पडतात. सगळं जमलंच, तरी काही सेकंदांच्या उघडझापेत वाहतं पाणी नुसतं दुधासारखं उमटतं. झांबेझीवरच्या केब्राबासा इथले खडक आणि त्यांतून उसळणारा प्रवाह हातानेच काढायला हवा होता. त्यातही दमट हवेत कागदावरचा सरस कुजला की जलरंग टिपकागदावर पडल्यासारखा फुटतो.

आणि गंमत बघा, कोठीचा हिशेब ज्याला जमला नाही म्हणतात, तोच माणूस चित्रांवर जागा आणि तारीख टिपून ठेवायचा! १८६२ मध्ये जेम्स चॅपमन या कॅमेरावाल्या प्रवाशाबरोबर तो व्हिक्टोरिया धबधब्यावर पोहोचला. चॅपमनचे तिथले फोटो फसले. बेन्सची चित्रं १८६५ मध्ये लंडनला छापून निघाली.

तोवर लिव्हिंगस्टनसाहेबांचं काय चाललं होतं? ‘लेडी न्यासा’ बोट स्वतः हाकत १८६४ मध्ये मुंबईला आणली. सुमारे ६,००० पौंडांची बोट पुढे २,३०० ला विकली, पैसे इथल्या बँकेत ठेवले आणि बँकच बुडाली. तिथे कोठीवाला कोण होता म्हणे?