आरओच्या पाण्यातील एंडोटॉक्सिनची तपासणी : माझा अनुभव

कोपरखैरण्यातील एका लहान डायलिसिस केंद्रात मी वरिष्ठ टेक्निशियन म्हणून काम करते. आमच्याकडे दहा मशीन आहेत आणि दिवसाला तीन पाळ्या चालतात. मागच्या पावसाळ्यात आतल्या खोलीतील शेवटच्या दोन खाटांवरील रुग्णांना मशीन सुरू केल्यावर तासाभरात हुडहुडी भरू लागली. ताप 100 अंशांच्या थोडा वर जाई, रक्तदाब उतरे आणि डायलिसिस संपल्यावर तीन-चार तासांत सारे पूर्ववत होई. कॅथेटरचा संसर्ग असावा असे आधी वाटले. पण त्यांतील एका काकांना फिस्टुला (हातातील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट) होता, रक्तवाहिनीत घातलेली कॅथेटरची नळी नव्हतीच, आणि दोघांचेही ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू वाढतात का याची तपासणी, निरंक आले. "ताई, पायांवर अजून एक चादर टाका, आजही तसंच होतंय," असे काकांनी तिसऱ्या वेळी सांगितले, त्या संध्याकाळी मी पाण्याच्या फायली काढून बसले.

मशीनमधून मिनिटाला 500 मिलिलिटर, बहुतांशी पाणीच असलेला, द्राव वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर. नवी मुंबईला येणारे मोरबे धरणाचे पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेले असते. पण प्यायलेले पाणी आतड्यांतून जाते, तर डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांच्यात केवळ एक पातळ पडदा असतो. म्हणूनच कार्बन फिल्टर, सॉफ्टनर आणि आरओ अशी साखळी बसवलेली असते. आमच्या फायलीत दर महिन्याचा कल्चर रिपोर्ट होता आणि प्रत्येकावर "वाढ आढळली नाही" असा शेरा होता. तो शेरा वाचून मी कित्येक वर्षे निश्चिंत राहिले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

पाण्यात राहणारे जिवाणू उपासमारीला सरावलेले असतात आणि सावकाश वाढतात. त्यांच्यासाठी कमी पोषण असलेले माध्यम घेऊन, 17 ते 23 अंश सेल्सिअस तापमानाला सात दिवस प्लेट ठेवावी लागते. आमचे नमुने मात्र रक्त-लघवीच्या नमुन्यांप्रमाणे 37 अंशांना 48 तास ठेवले जात होते. शिवाय कल्चरमध्ये जिवंत जिवाणूच दिसतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू मेल्यावर त्यांच्या बाह्य आवरणातील एंडोटॉक्सिन पाण्यात मोकळे होते आणि त्याचे तुकडे पडद्यातून रक्तात पोचले तरी थंडी-ताप येतो. डायलिसिसच्या पाण्यात त्याचे प्रमाण प्रति मिलिलिटर 0.25 एंडोटॉक्सिन एककांपेक्षा कमी असावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा निकष आहे, 0.125 लाच हालचाल सुरू करायची असते. आमच्या केंद्रात ही तपासणी कधीही झाली नव्हती.

इंजेक्शनच्या औषधांसाठी ही तपासणी नेहमी केली जाते, म्हणून महापे एमआयडीसीतील एका प्रयोगशाळेत मी गेले. पहिला नमुना त्यांनी बाटली पाहताच परत केला. मी लघवीच्या तपासणीची निर्जंतुक, सीलबंद डबी वापरली होती. तेथील विश्लेषक मॅडमनी शांतपणे समजावले, की ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, 121 अंशांना जिवाणू मरतात, पण एंडोटॉक्सिन टिकते. ते नष्ट करण्यासाठी काच 250 अंशांच्या कोरड्या उष्णतेत किमान अर्धा तास ठेवावी लागते. त्यांनी स्वतःकडच्या तशा बाटल्या दिल्या. दुसरा नमुना आम्ही नळांचे रसायनाने निर्जंतुकीकरण केल्याच्या दुसऱ्याच सकाळी घेतला आणि तोही बाद झाला, कारण एंडोटॉक्सिन असले की या चाचणीत नळीतले मिश्रण घट्ट होते, पण मुद्दाम एंडोटॉक्सिन मिसळलेल्या नियंत्रण नळीतलेसुद्धा घट्ट झाले नाही. पाण्यात उरलेल्या रसायनाने चाचणी दाबून टाकली होती. नमुना निर्जंतुकीकरणाच्या आधी घ्यायचा, हे तेव्हा ध्यानात आले.

तिसऱ्या वेळी मी घाई केली नाही. तोटी 70 टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू दिली, मिनिटभर पाणी वाहू दिले आणि मगच बाटली धरली. आरओच्या तोंडाशी, साठवण टाकीवर, लूपच्या (मशीनना पाणी पुरवून परत येणाऱ्या नळाच्या वेढ्याच्या) परतीच्या टोकाला आणि त्या दोन खाटांच्या जोडणीवर असे चार नमुने बर्फाच्या पेटीतून त्याच दुपारी पोचवले.

मॅडमनी मला चाचणी पाहू दिली. हॉर्सशू क्रॅब या सागरी जिवाच्या निळसर रक्तातील पेशींपासून काढलेला अर्क त्यासाठी लागतो. या जिवाचे रक्त जिवाणूंमुळे गोठते, हे फ्रेडरिक बँग यांनी 1956 मध्ये मांडले आणि पुढे जॅक लेविन यांच्यासह त्यांनी त्यातून ही चाचणी घडवली. आपल्याकडे या जिवाच्या जाती ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर सापडतात. अर्क आणि पाणी समभाग घेऊन नळ्या 37 अंशांवर तासभर अजिबात न हलवता ठेवल्या होत्या. मग मॅडमनी एकेक नळी उचलून सावकाश पूर्ण उलटी केली. आरओच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्याचे पाणी सरळ खाली घसरले. खाटांजवळच्या नमुन्याचा गोळा मात्र तळाला चिकटूनच राहिला आणि सोळापट विरल केलेल्या नळीतही तो सुटला नाही. अर्काची संवेदनशीलता 0.03 होती, म्हणजे निदान तेवढी एकके असली तरच गोळा होतो; त्याच्या सोळापट, म्हणजे पाण्यात प्रति मिलिलिटर किमान 0.48 एकके होती. परतीच्या टोकाचा नमुनाही मर्यादेबाहेर होता. टाकीचा स्वच्छ होता.

आरओ निर्दोष होता, तेव्हा दोष नळांतच असणार. भिंतीचे आच्छादन काढल्यावर कारण दिसले. नूतनीकरणात दोन मशीन हलवली होती, पण त्यांच्याकडे जाणारा सुमारे तीन फुटांचा नळ नुसता टोपण लावून तसाच सोडला होता. त्यात पाणी साचून राही. कापलेल्या तुकड्याच्या आत बोट फिरवले तेव्हा हाताला बुळबुळीत थर लागला. निर्जंतुकीकरणाच्या औषधाने वरचे जिवाणू मरत होते, थर मात्र तसाच राहत होता. तो नळ मुळापासून काढला, लूपचा तेवढा भाग नवा घातला आणि लागोपाठ तीन वेळा निर्जंतुकीकरण केले. हे चालू असताना तेथील रुग्णांना आम्ही ओळखीच्या दुसऱ्या केंद्रात पाठवले. त्यांच्या घरच्यांची त्यात फार ओढाताण झाली.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत चारही ठिकाणचे निकाल 0.03 पेक्षा कमी आले आहेत आणि काकांना एकदाही थंडी वाजलेली नाही. तपासणी तीन महिन्यांतून एकदा केली तर खर्च वाचेल, असे व्यवस्थापनाने सुचवले आहे. भिंतीआडचा उरलेला नळ तपासून होईपर्यंत ती दरमहाच व्हावी, असे मी लेखी कळवले आहे. पुढचा नमुना येत्या सोमवारी, निर्जंतुकीकरणाच्या आधी घ्यायचा आहे.