रजिस्टरमध्ये १३१, स्क्रीनवर ९४

शनिवार, १३ मे २०१७. सकाळी सव्वासातला कंपनीत पोचले आणि सर्व्हर रूममध्ये जाऊन पहिलं काम काय केलं तर बॅकअपची हार्ड डिस्क उपटली. ती डिस्क चोवीस तास सर्व्हरला लावलेलीच असायची, रात्री अकराला आपोआप बॅकअप व्हायचा आणि मला त्या सोयीचं कौतुक होतं, कुणाला आठवण करून द्यावी लागायची नाही. पण आदल्या रात्री वॉनाक्राय व्हायरसची बातमी ऐकली आणि अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात आलं की तो इथे येऊन सर्व्हरवरच्या फायली लॉक करायला लागला की ही डिस्क पण त्याला अजून एक ड्राईव्ह म्हणूनच दिसणार, म्हणजे मूळ पण गेलं आणि नक्कल पण गेली. डिस्क पर्समध्ये टाकली आणि मग खुर्चीवर बसले.

भोसरी एमआयडीसीतली गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी. मी तिथे सिस्टिम अ‍ॅडमिन, हाताखाली एक ट्रेनी मुलगा, बास. भोसरीत औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते त्यामुळे शनिवार म्हणजे पूर्ण कामाचा दिवस, फर्स्ट शिफ्ट आत गेलेली, साडेआठला जनरल शिफ्ट येणार आणि एकेक करत सगळी मशीन चालू होणार. माझ्याकडे सव्वा तास होता.

शुक्रवारी रात्री बातमी आली होती की इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर बंद पडलेत, फायली लॉक होतायत, ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागतायत. वॉनाक्राय. शनिवारी आंध्र पोलिसांच्या मशीनचं पण कळलं. या व्हायरसचं वेगळेपण हे होतं की कुणी मेल उघडायची, कशावर क्लिक करायची गरजच नाही, मशीन नेटवर्कवर आहे, पोर्ट ४४५, म्हणजे फायली शेअर करायचं दार, उघडं आहे आणि मार्चचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, नाही एवढं पुरतं, एकातून दुसऱ्यात आपणहून सरकतो. मायक्रोसॉफ्टने हे भोक बुजवणारा पॅच १४ मार्चलाच दिला होता, एमएस१७-०१०, आणि मी तो त्याच आठवड्यात डब्ल्यूससमध्ये अप्रूव्ह केला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डब्ल्यूसस म्हणजे ऑफिसातला एक सर्व्हर जो सगळे विंडोज अपडेट एकदाच उतरवून घेतो, आपण हो म्हटलं की मग बाकीची मशीन त्याच्याकडून घेतात, प्रत्येकाने वेगळं इंटरनेट खायला नको. तर पॅच दोन महिन्यांपूर्वीच दिलाय म्हणून मी रात्री तशी निवांत होते, डिस्कचीच काय ती काळजी.

डब्ल्यूससचा कन्सोल, म्हणजे कुठल्या मशीनला काय मिळालं ते दाखवणारी स्क्रीन, उघडला. ९४ कॉम्प्युटर, जवळजवळ सगळे हिरवे. बरं वाटलं. मग काय वाटलं कोण जाणे, कपाटातून अ‍ॅसेट रजिस्टर, म्हणजे कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरची नोंदवही, काढलं आणि मोजलं.

१३१.

हे मी आधी कधी का मोजलं नाही हा प्रश्न मला आजही छळतो. रोज तो कन्सोल बघत होते, हिरवं दिसतंय म्हणजे छान चाललंय, पण कन्सोल फक्त त्याच्याकडे येणाऱ्या मशीनचंच सांगतो, जे कधी आलंच नाही त्याच्याबद्दल तो काय सांगणार. ३७ मशीन माझ्या ऑफिसात चालू होती, त्यांच्यावर माणसं बसत होती, आणि त्यांना पॅच मिळाला की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

ट्रेनीला फोन केला, तो रिक्षा करून आला, आणि आम्ही नावं टिकमार्क करत बसलो. ३७ मधली २२ सापडली ती अशी. दोन वर्षांपूर्वी २३ मशीनचा एक लॉट आलेला, सप्लायरने एकावर विंडोज सेव्हन चढवून बाकीच्यांवर घोस्ट मारला होता, म्हणजे हुबेहूब नक्कल. आता प्रत्येक विंडोज डब्ल्यूससला स्वतःची ओळख म्हणून एक आयडी देतं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या आतल्या नोंदवहीत असतो, एसयूएस क्लायंट आयडी म्हणतात. घोस्टमध्ये तो पण कॉपी झाला, त्यामुळे २३ मशीन एकाच नावाने हजेरी लावत होती आणि सर्व्हरला ते एकच मशीन वाटत होतं. कन्सोलमध्ये एक ओळ होती जिचं नाव सारखं बदलायचं, आज परचेसचं तर उद्या क्वालिटीचं, मी ते कितीदा पाहिलं होतं आणि सर्व्हरचं काहीतरी असेल म्हणून पुढे गेले होते. तीच ती ओळ.

उपाय फार मोठा नाही. अपडेट सर्व्हिस थांबवायची, रजिस्ट्रीतल्या त्या आयडीच्या दोन नोंदी उडवायच्या, सर्व्हिस चालू करायची आणि कमांड देऊन सर्व्हरकडे नव्याने हजेरी लावायला सांगायचं. बॅच फाईल केली, पेनड्राईव्हवर घेतली आणि लोक येऊन बसायच्या आत टेबल टेबल फिरलो. जाता जाता पॅच आहे का तेही बघत होतो. तिथे ट्रेनी एकदम घाबरला, "ताई, मार्चचा नंबर एकातही दिसत नाहीये!" त्याचं चुकलं नव्हतं. विंडोज सेव्हनचे महिन्याचे रोलअप, म्हणजे अपडेटची गाठोडी, एकावर एक असायची, एप्रिलच्या किंवा मेच्या रोलअपमध्ये मार्चचं सगळं आलंच, मग मार्चचा नंबर वेगळा दिसेलच असं नाही, त्यामुळे नंबरावर न जाता एसआरव्ही डॉट एसवायएस या फाईलचं व्हर्जन बघायचं. तसं बघितल्यावर २३ पैकी १४ मशीन उघडी निघाली. त्यांची केबल काढली, पॅच हाताने टाकला, रिस्टार्ट केलं, मगच केबल परत लावली.

कन्सोलवरचा आकडा सरकायला लागला, ९७, १०३, ११०. त्या दिवशी दुसऱ्या कशाने जिवाला आराम नाही मिळाला.

मग नऊ मशीन अशी निघाली ज्यांच्यात विंडोज अपडेटची सर्व्हिसच डिसेबल होती. अकाउंट्सची सहा, एचआरची तीन. आधी वाटलं कुणीतरी मुद्दाम केलंय, मग प्रॉपर्टीज उघडून बघितल्यावर आणि सी ड्राईव्हवर एक लोडर, म्हणजे खोटं विंडोज खरं भासवणारा प्रोग्रॅम, सापडल्यावर उजेड पडला. विंडोज क्रॅक केलेलं. आणि अपडेट का बंद, तर केबी९७१०३३ नावाचा एक अपडेट असायचा, तो आला की विंडोज खरं की खोटं तपासायचा, खोटं असेल तर स्क्रीन काळी करून कोपऱ्यात नॉट जेन्युइन लिहायचा. ते येऊ नये म्हणून टाकणाऱ्याने अपडेटच मारून टाकलेले. यात मला सगळ्यात चीड कशाची आली सांगते, मायक्रोसॉफ्टने खोट्या विंडोजला सुद्धा सिक्युरिटी अपडेट बंद केलेले नव्हते. ते मिळत होते. एक पाटी लपवायला कुणीतरी दार, खिडक्या, सगळं उघडं टाकून गेला होता, आणि त्या उघड्या घरात कंपनीचे पगार, पीएफ, टॅलीचा डेटा.

अकाउंट्सचे काका सकाळी नऊला येतात. त्यांना सांगितलं तर आधी विश्वासच बसेना. फाईल काढून बिल दाखवलं, "अगं हे बघ, विथ ओएस लिहिलंय, पैसे मोजलेत आपण." खरंच लिहिलं होतं. पण लायसन्सचा कागद नाही, लायसन्सचा नंबर नाही, कॅबिनेटवर स्टिकर नाही, फक्त विथ ओएस हे दोन शब्द आणि खाली काकांची सही. काका बराच वेळ त्या सहीकडे बघत होते. पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, स्टोअरच्या बिलात पाच रुपयांचा फरक आला तर परत पाठवणारा, त्यांना कुणी फसवलं याच्यापेक्षा आपल्या सहीने फसवलं हे लागलं होतं.

आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "मॅडम, पॅच टाकून द्या ना आत्ता, लायसन्सचं बघू पुढच्या महिन्यात, जीएसटी येतोय १ जुलैला, तेव्हा सगळंच बदलायचंय." तांत्रिकदृष्ट्या पॅच टाकता आला असता. पण मी नाही म्हटलं आणि त्यांना कारण सांगितलं, की हे ज्या सीडीवरून टाकलंय ती कुणी बनवली माहीत नाही, लोडर विंडोज सुरू व्हायच्या आधीपासून चालतो, त्याच्यात अजून काय बसवलंय हे मी कुठल्याही अँटीव्हायरसने खात्रीने सांगू शकत नाही, त्याच्यावर पॅच टाकला तरी मी त्याला सेफ म्हणणार नाही. आणि आता आपल्याला कळलंय. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब आहे, माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कालपर्यंत माहीत नव्हतं म्हणता आलं असतं, आजपासून नाही. साहेब गप्प झाले. मग काकाच म्हणाले, "साहेब, माझं मशीन पण त्यात आहे. काढू दे तिला."

काकांची २४क्यू ची, म्हणजे पगारातून कापलेल्या टीडीएसची, रिटर्न ३१ मेच्या आत जायची होती, कामाचा नुसता ढीग, तरी परत टेबलापाशी आल्यावर स्वतः वाकून त्यांनी आपली केबल काढली. नऊच्या नऊ मशीन दुपारच्या आत नेटवर्कबाहेर.

राहिली तीन विंडोज एक्सपीची. एक सीएमएमला, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनला जोडलेलं, त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही आणि नवीन घ्यायचं तर लाखांत, दोन शॉपवर सीएनसीला, म्हणजे प्रोग्रॅमवर पार्ट कापणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम पाठवायला. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला, त्यामुळे त्यांना मार्चमध्ये काही आलंच नव्हतं. पण त्याच शनिवारी मायक्रोसॉफ्टने नियमाबाहेर जाऊन एक्सपीसाठी पॅच सोडला, केबी४०१२५९८. साईट इतकी हळू चालत होती की छोटीशी फाईल उतरवायला चार वेळा प्रयत्न करावा लागला. शॉपवरच्या दोघांना टाकला. सीएमएमचा सर्व्हिस इंजिनिअर फोनवर म्हणाला आम्ही टेस्ट केल्याशिवाय टाकू नका, ते मला पटलं, कारण मापं चुकली तर लॉटच्या लॉट परत येतो. त्याची केबल काढली, रिपोर्ट पेनड्राईव्हने न्यायचे ठरलं, क्वालिटीवाले कुरकुरले पण त्यांनी केलं.

दुपारी ग्रुपवर फॉरवर्ड फिरायला लागले की एका इंग्लंडच्या मुलाने डोमेन रजिस्टर करून व्हायरस थांबवला, आता काळजी नको. गोष्ट खरी होती. व्हायरस पसरायच्या आधी एका विचित्र नावाची वेबसाईट आहे का बघायचा, उत्तर मिळालं की थांबायचा. पण आमचं इंटरनेट प्रॉक्सीमधून, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बाहेर जाणाऱ्या मधल्या एका सर्व्हरमधून, आणि या व्हायरसला प्रॉक्सी कळत नव्हती, तो थेट विचारणार, बाहेर जाऊ शकणार नाही, साईट नाही असं समजणार आणि कामाला लागणार. म्हणजे जगाला लागू झालेला उतारा आमच्या ऑफिसात लागू नव्हता. म्हणून आतल्या डीएनएसमध्ये, म्हणजे वेबसाईटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, ते नाव घालून आमच्याच एका सर्व्हरवरचं साधं पान त्याला दाखवलं, बाहेर जायची गरजच नको. रात्री नऊला घरी निघाले तेव्हा कन्सोलवर ११६ होते.

आता हिशोब बघा, ३७ मधले २२ आले, नऊ बाहेर काढले, तीन एक्सपी. तीन राहिले. सेल्सचे लॅपटॉप, टूरवर. तिघांना शनिवारीच फोन लावले, दोघांना सांगितलं चालू करू नका, तिसऱ्याचा लागला नाही, मेसेज टाकला.

सोमवारी सकाळी त्याचा फोन. "मॅडम, लाल खिडकी आलीये, डाव्या बाजूला दोन घड्याळं उलटी चाललीयेत. मी काही क्लिक केलं नाही, देवाशप्पथ." हॉटेलच्या वायफायवर रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपला होता. तो खरंच बोलत होता, या व्हायरसला त्याच्या क्लिकची गरजच नव्हती, आणि हे मी त्याला फोनवर तीनदा सांगितलं कारण त्याच्या आवाजावरून वाटत होतं की नोकरी गेली असं त्याने धरलंय. चार महिन्यांची कॉस्टिंग शीट गेली. कोटेशन बरीचशी मेल सर्व्हरवर सेंटमध्ये सापडली, ती काढून दिली. पैसे भरायचे नाहीत हे साहेबांनी लगेच सांगितलं. मंगळवारी तो आला तेव्हा गेटवर वॉचमनला सांगून ठेवलं होतं, लॅपटॉप आत न्यायच्या आधी मी खाली जाऊन घेतला. शनिवारी मोजलं नसतं तर तो सरळ आपल्या टेबलावर जाऊन केबल लावणार होता, शेजारी १४ उघडी मशीन.

नऊ लायसन्स यायला अकरा दिवस गेले. चालू मशीनसाठी वेगळं लायसन्स घ्यावं लागतं, नव्या कॉम्प्युटरबरोबर येणारं स्वस्तातलं जुन्याला चालत नाही, त्यामुळे रक्कम साहेबांच्या अंदाजापेक्षा जास्त झाली, त्यांनी चेकवर सही केली. काकांचं मशीन पहिलं घेतलं. डिस्क पूर्ण कोरी करून विंडोज टाकलं, टॅली परत बसवलं, संध्याकाळ झाली. काकांनी लायसन्सचा कागद मागून घेतला, त्यावरचा नंबर चष्मा वर करून बिलाच्या फाईलमध्ये लाल पेनने लिहिला, दोनदा ताडून बघितला, आणि म्हणाले, "आता तुझ्या त्या यादीत माझं नाव दाखव." सर्व्हर रूममध्ये नेऊन दाखवलं. खालून दुसरी ओळ होती. ते वाचून परत टेबलावर गेले, त्यांची रिटर्न अजून व्हायची होती.