गणेशखिंडीतली ती मनोऱ्याची इमारत

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत बघायची असेल, तर थेट फाटकाशी रिक्षा थांबवू नका. शिवाजीनगरहून गणेशखिंड रस्त्याने पायी या. माझा आग्रह आहे, कारण या वास्तूची निम्मी गोष्ट त्या रस्त्यावरच घडली.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच इमारतीत झाली. तेव्हा हे मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान होतं. मेजवानी आटोपून पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याची बग्गी निघाली आणि या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी टिपलं. प्लेगच्या काळात घराघरांत शिरून झालेल्या जुलमाचा तो जाब होता. आज तिथून बसगाड्या भरधाव जातात. जरा थांबून मगच पुढे चला.

आत शिरलात की वडाच्या सावलीतून वाट जाते आणि झाडांवरून मनोरा डोकावतो. उंची सुमारे ८० फूट. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६४ साली काम सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता, त्या तेजीच्या भरातच हे काम निघालं. १८६५ मध्ये तेजी कोसळली, बांधकाम मात्र १८७१ पर्यंत चाललं. या उधळपट्टीवरून विलायतेतही टीका झाली. वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ. घाट इटालियन, दगड आपला काळा. कमानींच्या ओळीजवळ जाऊन त्या दगडाची घडाई नीट बघा, हात फिरवून बघा. मला तर मनोऱ्यापेक्षा तीच जास्त आवडली.

विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. साहेबाच्या मेजवान्यांची जागा पोरांच्या शिक्षणाला मिळाली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सकाळी लवकर या. विद्यापीठ चौकातली कोंडी टळते आणि फोटोंना उजेडही चांगला मिळतो. ओळखपत्र जवळ ठेवा. आतली दालनं बघायची असतील तर आधी परवानगी काढा, नुसतं जाऊन चालणार नाही. परिसर ४११ एकरांचा आहे, म्हणून चपला चालायच्या घाला आणि पाण्याची बाटली घ्या. शक्यतो पावसाळा निवडा. गव्हर्नरही पावसाळ्यातच मुंबई सोडून इथे मुक्कामाला येत. भिजलेला काळा दगड आणि भोवतीची हिरवळ बघितलीत की कारण वेगळं सांगावं लागणार नाही.