आधी यादी, मग कमिटी

"आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पाच सोसायट्या आहेत. बाग, क्लबहाउस, एसटीपी सगळ्यांचं मिळून. बिल्डर आता म्हणतोय, तुमचं तुम्ही सांभाळा. फेडरेशन कशी काढायची, सुरुवात कुठून करायची?"

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते आणि आमच्या चार इमारतींच्या फेडरेशनची, म्हणजे त्यांच्या सोसायट्यांनी मिळून केलेल्या संस्थेची, सेक्रेटरी होते, म्हणून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्यापर्यंत येतोच. कधी भाजी घेताना, कधी लग्नाच्या पंगतीत, परवा कासारवडवलीच्या रिक्षा स्टँडवर. उभ्याउभ्या सांगायला गेलं की निम्मं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, चेअरमन कोणाला करायचं. ते जरा बाजूला ठेवा. एका रविवारी सकाळी प्रत्येक इमारतीतली दोन-दोन माणसं घ्या, वही घ्या आणि आवार फिरा. सामाईक असलेली एकूण एक गोष्ट लिहून काढा: पंप, दिवे, फाटक, फायरची लाइन, पाण्याची टाकी, झोपाळासुद्धा. प्रत्येकीसमोर तीन रकाने ठेवा. चालू आहे का, वीज कोणाच्या मीटरवर, किल्ली कोणाकडे.

आमच्याकडे साइट ऑफिसमधला मुलगा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत चाळीसेक किल्ल्या, एकीलाही चिठ्ठी नाही. डी बिल्डिंगचे दोन आजोबा तो डबा घेऊन दिवसभर फिरले. एकेका कुलपाला एकेक किल्ली लावून पाहायची, जुळली की पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्याने बांधायचा आणि त्यावर नाव लिहायचं. संध्याकाळी नऊ किल्ल्या उरल्या, आणि क्लबहाउसच्या मागची एक खोली बंदच राहिली. ती पुढे कुलूप तोडून उघडली, तेव्हा आत जिमचं न उघडलेलं सामान निघालं.

पण खरी गोष्ट मीटर रूममधली. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला देणारी यंत्रणा, ती कोणाच्या विजेवर चालते हे कोणालाच सांगता येईना. शेवटी वायरमनला एसटीपीच्या मोटरी बंद करायला पाठवलं आणि आम्ही आठ जण टॉर्च घेऊन मीटरांसमोर उभे राहिलो. बी बिल्डिंगच्या कॉमन मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता, तो एकदम मंदावला. मोटरी सुरू केल्या, पुन्हा भराभर. तिघांनी तीनदा खात्री केली. बी बिल्डिंगच्या खजिनदार काकू तिथेच होत्या. काही बोलल्या नाहीत. घरी गेल्या आणि चार वर्षांच्या वीजबिलांची फाइल घेऊन आल्या. चार इमारतींचं सांडपाणी इतके दिवस बी बिल्डिंगच्या छप्पन्न घरांच्या पैशावर शुद्ध होत होतं.

हेच आधी कमिटी करून नंतर मीटिंगमध्ये निघालं असतं तर तो आरोप ठरला असता. ए म्हणाली असती, पुरावा दाखवा. बी म्हणाली असती, आम्ही बाहेर पडतो. मीटरसमोर उभं राहिल्यावर भांडायला कोणी उरलंच नाही. बीची रक्कम बाकीच्या तिघींनी हप्त्यांनी फेडायची, हे तिथल्या तिथे ठरलं.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहारांचा कायदा. त्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. आमची चार वर्षं उलटली होती. फोटो लावून पत्र दिलं. पोडियमची, म्हणजे पार्किंगवरच्या सामाईक स्लॅबची, गळती त्यांच्याकडून दुरुस्त झाली. यादी वर्षभर उशिरा केली असती तर तोही खर्च आमच्याच माथी बसला असता. तुमच्या ताब्याची तारीख आजच काढून बघा.

आता वाटणी. आमच्या ए आणि बीमध्ये छप्पन्न-छप्पन्न घरं, सीमध्ये चौऱ्याऐंशी, डीमध्ये एकशे बारा. डीची घरं मोठी, तर काहींचं म्हणणं, चौरस फुटावर वाटा. एची माणसं म्हणत, आमच्याकडचं कोणी पोहायला जात नाही, स्विमिंग पूलचे पैसे का द्यायचे? यावर तीन रविवार गेले. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, सोसायटीच्या आत सेवा शुल्क घर लहान-मोठं न बघता सगळ्यांना सारखंच असतं. तोच धागा धरून आम्ही फाटकावरचा वॉचमन, रस्त्याचे दिवे, एसटीपी, फायर पंप, पूल हे सगळं घरटी सारखं ठेवलं. पूलसुद्धा, कारण तो प्रत्येकाच्या करारात लिहिलेला आहे आणि कोणी पोहो न पोहो, त्याचा पंप चालवावाच लागतो. हॉलचं भाडं मात्र वापरणाऱ्याने द्यायचं. आणि पाणी मोजून. आमच्या भागात एप्रिल-मे म्हणजे टँकर, आणि टँकरवरून जेवढं वैर होतं तेवढं कशावरून होत नाही. प्रत्येक इमारतीच्या टाकीच्या तोंडाशी मीटर बसवले. त्याला पैसे लागले, पण त्या उन्हाळ्यापासून टँकरवरचा एकही वाद माझ्यापर्यंत आला नाही.

कायद्याचं थोडक्यात. फेडरेशन म्हणजे सोसायट्यांची सोसायटी. तिची सभासद प्रत्येक सोसायटी, घरमालक नव्हे. महाराष्ट्राच्या 2017 च्या रेरा नियमांप्रमाणे लेआउटमधल्या शेवटच्या इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यापासून 3 महिन्यांत बिल्डरने ती स्थापन करायला हवी. अडचण अशी की शेवटची इमारत कित्येकदा वर्षानुवर्षं नकाशातच असते. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करा: संयुक्त समितीवर आमचे हे दोन प्रतिनिधी, आमचा हिस्सा एवढा. नुसत्या कमिटीच्या ठरावावर पैसे देऊ नका, ऑडिटला उत्तर देता येत नाही. आम्ही दोन वर्षं अशीच काढली. पुढे नोंदणी मात्र करावीच लागते, कारण सामाईक रस्ते आणि बाग ज्या जमिनीवर आहेत तिचं हस्तांतरण करायचं तर नोंदलेली संस्था लागते. नवी मुंबईतल्यांनी आधी आपले कागद बघावेत; सिडकोच्या कित्येक वसाहतींत सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालचं असोसिएशन असतं आणि जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर.

बिल्डरकडून मंजूर नकाशे, ओसी आणि जमिनीखालच्या पाइपांचं ड्रॉइंग सहीनिशी घ्या. ड्रॉइंग नसेल तर एक पाइप फुटला की अख्खी बाग खणावी लागते. आम्ही खणली आहे. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं बी फॉर्म प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला लागतं, ते कोण करून घेणार हे वहीत नावासकट लिहा.

एक गोष्ट मी उशिरा केली, तुम्ही करू नका. प्रत्येक सोसायटी आपल्या इमारतीसाठी सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, काढते, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के. पण एसटीपीच्या मोटरी आणि फाटकावरचे कॅमेरे कोणाच्याच फंडात नसतात. आमच्या एसटीपीचा ब्लोअर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र, जळला तेव्हा तीनशे आठ घरांकडून वर्गणी मागत मी जिने चढले. पहिल्या महिन्यापासून वेगळा फंड ठेवा, रक्कम लहान असली तरी चालेल.

आणि चेअरमन. आमच्याकडे त्यासाठी मतदान झालंच नाही. बी बिल्डिंगच्या खजिनदार काकूंचं नाव एने सुचवलं, सी आणि डीने अनुमोदन दिलं. काकूंनी एकच अट घातली: एसटीपीला आधी स्वतंत्र मीटर.