मेरियेम आनाचं पाणी, नाना पेठेत

ह्या वेळी पुण्याला येताना चेक-इन बॅगेत टॉवेलात गुंडाळून तीन बाटल्या आणल्या. पाण्याच्या. आई म्हणाली अगं सुकामेवा आणायचास की, तुर्कस्तानातून पाणी कोण आणतं. पण हे पाणी मेरियेम आनाचं, तिघांसाठी वेगळं वेगळं भरलेलं, आणि त्या तीन घरांत जे ऐकलं ते लिहिल्याशिवाय मला परत इझमीरला जाववेना, म्हणून ही पोस्ट पुण्यातूनच लिहितेय, आईच्या डायनिंग टेबलवर बसून.

आधी ठिकाण सांगते. इझमीरहून ट्रेनने सेल्चुक नावाचं गाव लागतं, त्याच्या बाजूला एफेसस, जुन्या शहराचे मोठे अवशेष, टूरिस्ट लोक तिकडेच जातात. त्याच्यावर जो डोंगर आहे तो बुलबुल डोंगर, तिथे झाडीत एक छोटंसं दगडी घर आहे. मेरियेम आना म्हणजे मदर मेरी, येशूची आई; कुराणातली मरियम तीच. येशूला क्रुसावर दिल्यानंतर त्याचा शिष्य योहान तिला घेऊन इकडे आला आणि तिचे शेवटचे दिवस ह्या घरात गेले अशी श्रद्धा. घर सापडलं कसं तेही ऐका. अॅन कॅथरिन एमरिक नावाची जर्मन नन, १८२४ ला वारली, आयुष्यात कधी तुर्कस्तानात गेली नाही, शेवटची कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून, तिला जे दृष्टांत झाले ते कुणीतरी लिहून ठेवले आणि त्या वर्णनावरून १८८१ मध्ये एक फ्रेंच पाद्री आणि मग १८९१ मध्ये इझमीरचे पाद्री डोंगर शोधत शोधत इथे पोचले. हेच ते घर असं चर्चने अधिकृतपणे आजपर्यंत कधी म्हटलेलं नाही, जेरुसलेमला तिची कबरसुद्धा दाखवतात. पण तीन पोप इथे येऊन गेलेत, १९६७, १९७९ आणि २००६ मध्ये.

मला तिथे नेलं ते आमच्या घरमालकीण बाईंनी. मी त्यांना तेयझे म्हणते, म्हणजे मावशी. डोक्याला स्कार्फ, पाच वेळा नमाज, रमजानचे सगळे रोजे. त्यांच्या मुलीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नाही. मला वाटलेलं ख्रिश्चन जागा आहे, ख्रिश्चन लोक असतील, आपण बाजूला उभं राहून बघू. तर पार्किंगमध्ये तुर्की कुटुंबांच्या गाड्याच गाड्या, आणि आत त्या छोट्या खोलीत पुढे एक परदेशी ग्रुप गुडघ्यावर बसलेला आणि मागे स्कार्फवाल्या बायका दोन्ही तळवे वर करून फातिहा, कुराणातला पहिला अध्याय, म्हणतायत, कुणी कुणाकडे वळूनसुद्धा बघत नव्हतं. आतल्या बाजूला कुराणातल्या तिच्याबद्दलच्या आयती, म्हणजे वचनं, लावलेल्या आहेत. बाहेर उतारावर झऱ्याचे नळ, आणि नळांच्या पलीकडे एक भिंत, तिच्यावर चिंध्या, रुमाल, कागद, रिबिनी, इतक्या गाठी की भिंत दिसतच नाही. तेयझेंनी पर्समधून पांढऱ्या कापडाची पट्टी काढली आणि बांधली. मुलगी घरीच होती, तिला माहीतही नव्हतं.

त्यांचा मुलगा लांब झाडाखाली उभा होता. त्याला ते अजिबात आवडलं नव्हतं. परत येताना गाडीत म्हणाला, मागायचं तर अल्लाहकडे, कापडाकडे काय मागायचं, आपल्याकडे पीरांच्या कबरींवरसुद्धा सरकारी पाट्या लावलेल्या असतात की इथे कापड बांधू नका, मेणबत्ती लावू नका. तेयझे म्हणाल्या मी अल्लाहकडेच मागितलं, तिच्या घरात उभं राहून मागितलं एवढंच. मग दोघं गप्प, पाऊण तास.

पण तोच मुलगा पुढच्या आठवड्यात मला गल्लीतल्या मशिदीत घेऊन गेला, नमाजाची वेळ नसताना, आणि मेहराबच्या वर निळ्या टाइल्सवर लिहिलेली ओळ दाखवली. मक्केच्या दिशेला जो कोनाडा असतो तो मेहराब. त्या ओळीत मरियमची गोष्ट आहे: तिला सांभाळणारा जकरिया तिच्या मेहराबमध्ये, इथे म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत, जेव्हा जेव्हा जायचा तेव्हा तिच्यापाशी अन्न ठेवलेलं असायचं, त्याने विचारलं हे कुठून, तर ती म्हणाली अल्लाहकडून. तुर्कस्तानातल्या कितीतरी मशिदींत हीच आयत मेहराबवर असते. म्हणजे नमाजाला उभे राहिलेल्या सगळ्या पुरुषांच्या डोळ्यांसमोर एका बाईची गोष्ट. हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, चिंधी बांधायला चिडणारा तोच माणूस.

कुराणात नावाने उल्लेख असलेली ती एकच बाई. चौतीस वेळा, त्यातल्या बऱ्याचदा "मरियमचा मुलगा ईसा" असा, ईसा म्हणजे येशू. एकोणिसावी सुरा, म्हणजे अध्याय, अख्खी तिच्या नावाची आहे, ९८ आयतींची. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर ती एकटी खजुराच्या झाडाला टेकते आणि म्हणते मी ह्याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, तेव्हा खालून आवाज येतो, दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, झाड हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे गेलेच नाही. बाळंतीण बाईला खायला दे, पाणी दे असं सांगणारं धर्मग्रंथातलं पान मी तोपर्यंत वाचलं नव्हतं.

आता पुणे.

पहिली बाटली आंटींची. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च बऱ्याच जणांना माहीत असेल, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये उभं राहिलेलं, तेही मरियेच्याच नावाचं. आंटी लहानपणापासून तिथल्या, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात, आठ डिसेंबरच्या सणाआधीची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, कधी चुकली नाही त्यांची. बाटली हातात घेऊन आधी कपाळाला लावली. मग मी तेयझेंचं सांगितलं, स्कार्फवाल्या बायकांचं, गाठींच्या भिंतीचं. त्यांचे डोळे एकदम भरून आले. म्हणाल्या बघ, आई सगळ्यांची असते. त्यांच्या फादरनी एकदा प्रवचनात सांगितलेलंही त्यांना आठवलं, की १९६५ मध्ये व्हॅटिकनने एक मोठं पत्रक काढलं त्यात मुसलमान लोक मरियेचा मान राखतात आणि कधी कधी भक्तीने तिचा धावाही करतात असं स्पष्ट लिहिलंय. मी घरी येऊन बघितलं, खरंच आहे, आणि ते पत्रक ज्या पोपच्या काळात निघालं तोच पोप दोन वर्षांनी त्या डोंगरावर गेला होता.

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी त्यांनी कधीच ऐकली नव्हती. मरियम बाळाला घेऊन गावात येते, लोक नाही नाही ते बोलतात, तुझे आईबाप तर असे नव्हते वगैरे, ती एक शब्द बोलत नाही, फक्त बाळाकडे बोट करते, आणि पाळण्यातलं बाळ बोलायला लागतं. आंटी रडायलाच लागल्या, म्हणाल्या आईची अब्रू लेकराने राखली ग. आणि मग, डोळे पुसत, काय बोललं बाळ?

मी सांगितलं. बाळ म्हणतं, मी अल्लाहचा बंदा आहे.

आंटी गप्प झाल्या. बाटली टेबलावर ठेवली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, म्हणजे देव नाही. मग ती आमची माऊली कशी, तो देव म्हणून तर ती देवाची आई. मला काही उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर द्यायची ती जागाच नव्हती. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, एफेससमध्ये, ४३१ साली बिशप लोकांची मोठी सभा भरली होती आणि तिला "देवाची आई" म्हणायचं हे तिथेच ठरलं. वर घर आणि खाली ती सभा. आंटींचं वाक्य म्हणजे ती सगळी सभाच.

दुसरी बाटली अम्मींची. शाळेतल्या मैत्रिणीची आई, भवानी पेठेत, आम्ही सगळ्याच त्यांना अम्मी म्हणायचो. त्यांच्या सुनेला आता सातवा महिना आहे आणि अम्मी रोज तिच्याशेजारी बसून सुरे मरियम वाचतात, बाजूला वाटीत खजूर. पाणी त्यांनी बिस्मिल्ला म्हणून बसून तीन घोटांत प्यायलं आणि म्हणाल्या गोड आहे, पण बेटा एक सांगू, पाण्यात काही नसतं, देणारा अल्लाह, मरियमकडेसुद्धा मागायचं नाही, मरियमने ज्याच्याकडे मागितलं त्याच्याकडे मागायचं. त्यांची नणंद कॅम्पात बाबाजानच्या दर्ग्याला नेमाने जाते, त्यावरून दोघींचं वर्षानुवर्षं वाजतं. मी आंटींचं रडणं सांगितलं तर म्हणाल्या, तिला सांग आमच्या घरात मरियमबद्दल वाकडा शब्द कुणी काढत नाही, ईसाबद्दल पण नाही, पण मुलाला खुदा म्हणणं आमच्याने होणार नाही, तिने त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

तिसरी बाटली आमच्या मराठीच्या सरांची, आता रिटायर्ड. मूळ नगरकडचे प्रोटेस्टंट, त्यांच्या देवळात मूर्ती नाही, मेणबत्त्यांची रांग नाही. (ते चर्चला देऊळच म्हणतात, जुनी माणसं म्हणतात अजून.) बाटली ठेवून घेतली, तुझ्या प्रेमाची म्हणून, असं म्हणाले. मरीयेला मान आहे पण प्रार्थना तिला नाही. मी अम्मींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले, म्हणाले अगं हे माझं वाक्य आहे, शब्द फक्त दोन बदल. पण लगेच पुढे हेही म्हणाले की क्रुसाशिवायचा येशू मला ओळखता येत नाही (कुराणाप्रमाणे ईसाला क्रुसावर मारलेलंच नाही), त्यामुळे त्यांचं प्रेम खरं आहे हे मी मानतो, पण ते माझ्याच मरीयेवरचं आहे का ते मला ठरवता येत नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मी ह्या ब्लॉगवर आधी एक-दोनदा लिहिलंय की शेवटी सगळं एकच. ते मी मागे घेते. एकच नाहीये, आणि जी माणसं आयुष्यभर मनापासून मानतात त्यांना बाहेरून आपण एकच म्हणणं हा त्यांच्या श्रद्धेवर अन्याय आहे. पण मला वाटायचं तशी भांडणाची रेघ ख्रिश्चन इकडे आणि मुसलमान तिकडे अशी सरळ पण नाहीये. गाठ बांधणाऱ्या तेयझे आणि कपाळाला बाटली लावणाऱ्या आंटी एका बाजूला, तेयझेंचा मुलगा, अम्मी आणि सर दुसऱ्या बाजूला. आमच्याच घरात आजी जेजुरीला नवस बोलायची आणि बाबा म्हणायचे देवाशी सौदा करू नये, ते मला आठवत राहिलं. आणि मग तो बाळ कोण हा प्रश्न आला की परत सगळे आपापल्या घरी जातात, तिथे आंटी आणि सर एकत्र.

काल आंटी जिना चढून वर आल्या, गुडघे दुखतात तरी. हातात चर्चमधली एक मेणबत्ती. म्हणाल्या, त्या तुझ्या तेयझेच्या मुलीसाठी तिथे माऊलीसमोर लाव, पण आधी तिला विचार हं, त्यांच्यात चालत नसेल तर राहू दे, मी इथे लावीन. मी तिथल्या तिथे व्हॉट्सअॅपवर तेयझेंना विचारलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मेणबत्ती तू लाव, मी शेजारी उभी राहून फातिहा म्हणते, आणि तिला विचार तिच्या गुडघ्यासाठी काय मागू.

आंटींना मराठीत करून सांगितलं. त्या म्हणाल्या गुडघ्याचं राहू दे, आधी मुलीचं होऊ दे. मेणबत्ती टॉवेलात गुंडाळून ठेवलीय, गुरुवारची फ्लाइट आहे.