तंजावर नवनीतकृष्ण, १२ बाय १५ : मक्कू तडकला

तंजावर शैलीत नवनीतकृष्णाचं, म्हणजे लोण्याच्या बाळकृष्णाचं, चित्र करतेय. मागच्या वेळी प्लायवूडवर कापड चिकटवून, खडूच्या पुडीचे लेप देऊन, घासून ठेवलं होतं. पूर्वी प्लायच्या जागी फणसाची किंवा सागाची फळी असे. तमिळमध्ये या चित्राला 'पलगै पडम' म्हणतात, म्हणजे सरळसरळ फळीवरचं चित्र.

रेखाटन झालं, खडे चिकटवले. मग मक्कू, म्हणजे खडूची पूड आणि डिंकाचा लगदा, ज्याने दागिने नि महिरप उठावाची करतात. इथेच घाई नडली. मंडपाच्या दोन्ही खांबांना एकाच दमात जाड थर दिला आणि फळी पंख्याखाली ठेवली. सकाळी डाव्या खांबाला वरपासून खालपर्यंत तडा! वरचा पापुद्रा वाळला, आतला लगदा ओलाच, तो नंतर आक्रसला.

खांब ओल्या फडक्याने भिजवून खरवडला. या वेळी पातळ थर, मध्ये एक दिवस, पंखा बंद. पावसाळी हवेत तिसरा थर वाळायला दोन दिवस लागले, पण भेग नाही. हारातले मणी मेंदीच्या कोनातून सोडले. ब्रशपेक्षा हे फार बरं, एकसारखे पडतात. टोक मात्र अगदी बारीक कापा, माझे पहिले दहा मणी वाटाण्याएवढे झाले.

आता वर्ख. २२ कॅरेटचाच घेतला. स्वस्तातला पुढे काळवंडतो. डिंक चिकट झाला की तुकडा ठेवून कापसाने दाबायचा, मग कोरड्या ब्रशच्या मागच्या टोकाने मण्यांच्या फटींत बसवायचा. खड्यांवर आलेला वर्ख सुईने कापून काढला. या कामाला अख्खा रविवार गेला, मान अजून दुखतेय.

तंजावरच्या भोसल्यांच्या काळात, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) आश्रयाने ही शैली बहरली. म्हणून मला ती परकी वाटत नाही. सासूबाईंना मात्र वाटते. त्या चित्रापाशी येऊन म्हणाल्या, "अगं, कृष्ण गोरा कसा?" तंजावरात लोण्याचा बाळकृष्ण पुष्कळदा गोराच रंगवतात, हे त्यांना पटेना. तसा अंगाचा रंग अजून दिलेलाच नाही, दिसतो तो खडूचा पांढरा लेप. पार्श्वभूमी लाल की हिरवी, तेही ठरायचंय. डोळे सगळ्यात शेवटी.